मी, क्लॅरिनेटकाकांचा जांभळा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. आगपेटीएवढा. रंग जांभळा, आता थोडा विटलेला. माझ्या वरच्या अंगावर चार दातांचे ठसे आहेत आणि खालच्या अंगावर चार, आणि हे आठही दात एकाच माणसाचे आहेत. दुसऱ्या कुणाच्या तोंडात मी बसत नाही, बसवलं तर डुगडुगतो. एवढ्या एका गोष्टीवर माझं सगळं आयुष्य उभं आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यात झाला. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान. जिना चढून आलं की बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, एक पाण्याची टाकी आणि पानं दुमडलेली मासिकं. आतल्या खोलीत ती खुर्ची, जिच्यावर बसल्यावर मोठमोठी माणसंसुद्धा हाताच्या मुठी आवळतात. दवाखाना मोठ्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांच्या हाताखाली सिस्टर. सिस्टरचं नाव कुणी घेत नसे. औषधविक्रेत्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे सिस्टरच म्हणत.

माझे मालक क्लॅरिनेटकाका. हे नाव सिस्टरनी ठेवलेलं. ते एका वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतात. काळं, लांब, चांदीसारख्या कळांचं वाद्य. त्याचं टोक वरच्या पुढच्या दातांखाली धरायचं, खालचा ओठ त्याला लावायचा आणि फुंकायचं. एकदा सायकलवरून पडून त्यांचा वरचा पुढचा दात मुळासकट गेला. डॉक्टरीणबाईंनी त्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा एक बारीक स्क्रू बसवला. त्यालाच इम्प्लांट म्हणतात. काही महिन्यांनी हाडानं स्क्रूला घट्ट मिठी मारली, मग त्याच्यावर दातासारखी कॅप चढवली. काका पुन्हा वाजवायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, यात ठोकळ्याचं काय काम? सांगतो. स्क्रू गंजत नाही, किडत नाही. पण त्याला धरून ठेवणारं हाड झिजू शकतं. हिरडी सुजली, घाण साचली की हाड हळूहळू मागे हटतं, आणि ते दुखत नाही. दुखत नाही हीच त्यातली वाईट गोष्ट. म्हणून दरवर्षी एक छोटा एक्स-रे काढायचा आणि हाड स्क्रूच्या कितव्या आट्यापर्यंत आहे ते मोजायचं. स्क्रूला आटे असतात ना, करवतीच्या दातांसारखे, ते एक्स-रेत छान दिसतात. हाड पहिल्या आट्यापाशी असलं की ठीक.

पण एक्स-रे म्हणजे शेवटी सावलीच. दुपारी बाराला काठीची सावली वीतभर पडते आणि संध्याकाळी पाचला पुरुषभर. काठी तीच असते. एका वर्षी फोटो सरळ काढला आणि पुढच्या वर्षी तिरका, तर हाड जागेवर असूनही हललेलं दिसेल, आणि हललेलं असलं तर जागेवर दिसेल. डॉक्टरीणबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक्स-रेची फिल्म धरायच्या प्लॅस्टिकच्या चिमट्यावर जांभळी पुट्टी थापली आणि काकांना म्हणाल्या, "चावा. आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

काकांनी चावलं. तीन मिनिटांत पुट्टी कडक झाली आणि मी जन्माला आलो. माझ्या पाठीशी फिल्मची खाच, पोटातून एक दांडी, दांडीच्या टोकाला एक कडं. काका माझ्यावर चावणार, फिल्म आपोआप स्क्रूच्या मागे सरळ उभी राहणार, आणि एक्स-रेची नळी कड्याला टेकवली की किरण दरवर्षी त्याच वाटेनं येणार. माझ्यावर काकांचा नंबर कोरला गेला. असे ठोकळे बाईंनी प्रत्येक इम्प्लांटवाल्यासाठी केले होते. आम्ही चाळीस-एक जण पत्र्याच्या एका चपट्या डब्यात राहत होतो. काम झालं की सिस्टर आम्हांला घासून धुवायच्या, पिशवीत बंद करायच्या आणि वाफेच्या मशिनमध्ये उकडून काढायच्या. त्या बाबतीत त्यांच्यासारखी काटेकोर बाई मी पाहिली नाही.

माझं काम वर्षातून एकदा, तेही पाच सेकंदांचं. पण ती पाच सेकंदं माझी असत. काका चावत, सगळे दात आपापल्या खळग्यात बसत, सिस्टर म्हणत, "हलू नका हं," आणि टुंग असा आवाज होई. मग बाई जुनी फिल्म आणि नवी फिल्म दिव्याच्या पेटीवर शेजारीशेजारी लावत, भिंगातून आटे मोजत आणि माझ्या पिशवीवर तारीख घालून एकच शब्द लिहीत: तसंच.

"काय लिहिलंत?" पहिल्या वर्षी काकांनी विचारलं.

"तसंच. म्हणजे काही बदल नाही."

"बायकोचंही माझ्याबद्दल हेच मत आहे," काका म्हणाले.

काकू बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, "ऐकू येतंय मला!"

अशी सहा वर्षं गेली. माझ्या पिशवीवर सहा वेळा 'तसंच' लिहिलं गेलं. कौतुक म्हणाल तर तेवढंच. पण मला विचाराल तर दवाखान्यात याच्याइतका चांगला शब्द नाही.

मग बाईंचे गुडघे दुखायला लागले. जिना जड झाला. त्यांनी दवाखाना आपल्या भाच्याच्या हाती दिला. हे छोटे डॉक्टर. हुशार, नीटनेटके, पेशंटशी गोड बोलणारे. त्यांनी दिव्याची पेटी काढून मोठा पडदा आणला. फिल्म गेली आणि तिच्या जागी तारेचा सेन्सर आला. फोटो क्षणात पडद्यावर! किरणही आधीपेक्षा कमी लागतात. चांगलीच गोष्ट आहे, मी नावं ठेवणार नाही. पण सेन्सर जाडजूड. माझ्या खाचेत तो मावेना. आम्ही ठोकळे डब्यातच राहिलो.

त्यात एक प्रकार झाला. एका आईबरोबर वर्षा-दीड वर्षाचं बाळ आलं होतं. आई फॉर्म भरत होती. एक डोळा फॉर्मवर, एक डोळा बाळावर. तरी बाळं ती बाळंच. त्यानं खालच्या फळीवरचा आमचा डबा उघडला, माझ्या शेजारच्या हिरव्या ठोकळ्याची पिशवी फाडली आणि ठोकळा थेट तोंडात! आईनं फॉर्म टाकला आणि झेप घेतली.

"थू कर! थू! कुणाच्या तोंडातलं आहे हे? डॉक्टर, असलं काही उघड्यावर ठेवतात का?"

ती बरोबरच होती. आम्ही उकडलेले होतो, स्वच्छ होतो, पण तिला ते कसं कळणार? आणि तुकडा मोडून बाळाच्या घशात अडकला असता तर? छोटे डॉक्टर दहा वेळा सॉरी म्हणाले, आणि ती गेल्यावर सिस्टरना म्हणाले, "तो डबा टाकून द्या. आता कुणी वापरत नाही ते."

सिस्टरनी डबा उचलला. कचऱ्याच्या बादलीपर्यंत नेला. मग थांबल्या. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि इकडेतिकडे पाहिलं. नवा पडदा टेबलावर जरा बुटका पडत होता. बघायला छोट्या डॉक्टरांना मान वाकवावी लागे. सिस्टरनी डबा पडद्याखाली सारला. पडदा बरोबर डोळ्यांसमोर आला.

"वा सिस्टर, हे उत्तम झालं," डॉक्टर म्हणाले. डबा कसला आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि सिस्टरनी सांगितलं नाही.

मित्रांनो, तीन वर्षं मी त्या पडद्याच्या पायाखाली काढली. अंधार होता. पण आवाज सगळे येत. कोण घाबरलंय, कोण उगाच हसतंय, कोणत्या मुलाला आई "काही नाही दुखणार" म्हणतेय आणि तिचाच आवाज कापतोय, हे मला झाकणाआडून कळे; पुढच्या हकिगतीतलं बघण्यासारखं जे काही आहे, ते मला नंतर ऐकून कळलं.

एके दिवशी पुन्हा ओळखीचा आवाज आला. क्लॅरिनेटकाका.

दुखत नाही म्हणून त्यांचा दरवर्षीचा फोटो मधे राहूनच गेला होता.

"वाद्याच्या टोकावर गुलाबी डाग दिसतोय, डॉक्टर. दोन-तीनदा झालं. दुखत मात्र काही नाही."

छोट्या डॉक्टरांनी पाहिलं. कॅपच्या वर हिरडी लालसर होती, बोट लावलं की रक्त येत होतं. त्यांनी लगेच फोटो काढला. जाड सेन्सर पुढच्या दातांमागे टाळूला टोचतो, म्हणून काकांनी तो अंगठ्यानं जमेल तसा धरला. टुंग. डॉक्टरांनी फाइलमधली जुनी फिल्म काढून उजेडासमोर धरली, पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा फिल्मकडे.

"काय झालं?" हे काकूंनी विचारलं. यावेळी त्या आत आल्या होत्या.

"हाड बरंच मागे गेलेलं दिसतंय. चार आटे उघडे आहेत."

डॉक्टर घाईचे नव्हते. एका फोटोवर विसंबायला नको म्हणून त्यांनी काकांना समोरच्या एक्स-रे सेंटरमध्ये पाठवलं. तिथे दोन मोठी यंत्रं आहेत. एकात उभं राहायचं, हनुवटी टेकवायची आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. सगळा जबडा एकाच लांब फोटोत येतो. दुसरं त्याहून हुशार. ते सगळ्या बाजूंनी फोटो घेऊन हाडाचे पावासारखे काप दाखवतं, समोरून, मागून, वरून, पाहिजे तसे. किरण मात्र माझ्यासारख्याला चिमूटभर लागतात आणि त्याला मूठभर. म्हणून ते यंत्र ऊठसूट वापरायचं नसतं.

दोन दिवसांनी दोन्ही फोटो माझ्या डोक्यावरच्या पडद्यावर लागले. लांब फोटोत बरोबर पुढच्या दातांच्या जागी मानेच्या मणक्याची सावली पडली होती, सगळं धुकट. कापांच्या फोटोत स्क्रू दिव्यासारखा चमकत होता आणि त्याच्या दोन्ही कडांना काळे पट्टे होते. डॉक्टरांच्या मनात चार आटे आधीच बसले होते. धुकट फोटोतही त्यांना चार आटे दिसले आणि काळ्या पट्ट्यांतही हाड गेलेलंच दिसलं.

"तिन्ही फोटो एकच सांगतायत," ते म्हणाले. "आहे तेवढं हाड वाचवायचं असेल तर स्क्रू काढावा लागेल. मग जखम भरू द्यायची, नवं हाड भरायचं, पुन्हा स्क्रू. सात-आठ महिने धरा."

"आणि वाजवणं?"

"तोवर नाही."

मग काकू म्हणाल्या, "तोंड बंद ठेवा म्हणून मी तीस वर्षं सांगतेय. डॉक्टरांनी तीन फोटोंत करून दाखवलं." पण त्यांचा आवाज टोमण्यासारखा लागला नाही.

काका म्हणाले, "सहा आठवड्यांनी आमचा मोठा कार्यक्रम आहे. वृंदात क्लॅरिनेटची खुर्ची एकच. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मी उठलो की तिथं पंचवीस वर्षांचा बसेल. चांगला वाजवतो तो, मीच शिकवलंय. आठ महिन्यांनी त्याला कोण ऊठ म्हणणार? मी तरी म्हणेन का?"

गुरुवार ठरला.

गुरुवारी काका क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊनच खुर्चीत बसले. दवाखान्यात वाद्य कशाला, असं कुणी विचारलं नाही. डॉक्टर आतल्या बेसिनवर हात धूत होते. सिस्टर ट्रेवर हत्यारं मांडत होत्या. मांडता मांडता त्यांनी सवयीनं फाइल उघडली. पहिल्या पानावर स्क्रूच्या डबीवरचं लेबल चिकटवलेलं होतं. त्यावर लांबी छापलेली: बारा मिलिमीटर.

सिस्टरनी पडद्याकडे पाहिलं. मग माउस हातात घेतला, काकांनी अंगठ्यानं धरलेला तो फोटो उघडला आणि स्क्रूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजपट्टी ओढली. पुन्हा ओढली.

"डॉक्टर, हा स्क्रू दहाचा दाखवतोय."

"कुठला?"

"हाच. फाइलमध्ये बाराचा आहे."

"अहो सिस्टर, फोटोत इकडेतिकडे होतं थोडं."

"थोडं नाही, दोन मिलिमीटर. हाड झिजतं हो डॉक्टर. टायटॅनियम झिजतं का?"

बेसिनचा नळ बंद झाला.

"सिस्टर, तीन फोटो आहेत. तिन्ही चूक कसे असतील?"

सिस्टर वीस वर्षांत डॉक्टरांसमोर आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. तेव्हाही नाही बोलल्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या गल्लीतही तीन बायका एकच बातमी सांगतात. नंतर कळतं, तिघींनी एकीकडूनच ऐकलेली असते."

काका खुर्चीत उठून बसले. "डॉक्टर, रागावू नका, पण मला एक विचारायचंय. यावेळी मला तो जांभळा ठोकळा का नाही दिला चावायला? बाई तर त्याच्याशिवाय फोटो काढायच्याच नाहीत."

"कसला ठोकळा?"

काकांनी पेटी उघडली आणि क्लॅरिनेटचं टोक काढून पुढे धरलं. काळ्या टोकाच्या वरच्या अंगाला दोन बारीक खळगे होते. "हे बघा. इतक्या वर्षांत दातांनी पडलेत. माझे दात रोज बरोबर इथेच बसतात. नखभर पुढे बसले तरी सूर बदलतो. वाद्य तेच, फुंकर तीच, तरी बदलतो. तुमच्या फोटोचंही तसंच काही असेल का?"

डॉक्टर त्या खळग्यांकडे बघत राहिले. मग सिस्टरकडे. सिस्टरचा चेहरा एकदम अपराधी झाला होता.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तो डबा मी टाकला नाही."

"कुठं आहे?"

"तुम्ही त्याच्यावरच बघताय."

मित्रांनो, तीन वर्षांनी माझ्या डोक्यावरचं ओझं उचललं गेलं. चिकटपट्टी ओढल्याचा चर्र आवाज झाला आणि उजेड आला. ज्या पडद्यावर चुकीचं चित्र दिसत होतं, तो इतके दिवस माझ्याच डोक्यावर उभा होता. मला याचा अभिमान वाटला नाही. मला ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटलं.

पण माझी खाच पातळ फिल्मची, आणि फिल्म तर दवाखान्यातून कधीच गेली होती. सिस्टरनीच तोड काढली. लहान मुलांच्या इवल्या तोंडात जाड सेन्सर मावत नाही, त्यांना उमासे येतात, म्हणून त्यांच्यासाठी फोटो टिपणाऱ्या, कागदासारख्या पातळ प्लेटा ठेवलेल्या होत्या. एक प्लेट माझ्या खाचेत सर्रकन बसली. मला धुतलं, वाफेत उकडलं, गार केलं. तासभर गेला. तोवर काकू बाहेरच्या खोलीत मासिकाचं एकच पान उघडून बसल्या होत्या.

मला भीती वाटत होती. तीन वर्षांत काकांचे दात सरकले असले तर? एखादा झिजला असला तर? मी डुगडुगलो असतो तर माझ्यात आणि रस्त्यावरच्या दगडात काही फरक उरला नसता.

काकांनी तोंड उघडलं, मला आत घेतलं आणि चावलं. एक, दोन, तीन, चार. वरचे बसले. खालचेही बसले.

"हा बघा, बसला," काका माझ्याभोवतीनं पुटपुटले. शब्द नीट आले नाहीत, पण सगळ्यांना कळलं.

टुंग.

पडद्यावर स्क्रू आला, बारा मिलिमीटरचा. आटे करवतीसारखे स्वच्छ. डॉक्टरांनी जुनी फिल्म शेजारी धरली आणि बोटानं मोजलं. एका बाजूला हाड होतं तिथेच. दुसऱ्या बाजूला एक आटा उघडा पडला होता. चार नव्हे, एक.

डॉक्टर खुर्चीच्या हातावरच बसले. मग फोन काढून त्यांनी बाईंना लावला.

"मावशी, तुझे ते ठोकळे..."

"टाकलेस ना? मला वाटलंच होतं."

"नाही. सिस्टरनी ठेवलेत. क्लॅरिनेटकाकांचा फोटो आत्ता त्याच्यावरच काढला. एकच आटा गेलाय, तोही एका बाजूला. मी स्क्रू काढायला निघालो होतो, मावशी."

"रक्त येतंय का?" बाईंनी विचारलं.

"येतंय."

"मग लगेच खूश होऊ नकोस. माझा ठोकळा दोन्ही कडा दाखवतो. स्क्रूच्या समोर ओठाकडे काय चाललंय आणि मागे टाळूकडे काय, हे त्याला दिसत नाही. तिथे स्क्रूच स्वतः आडवा येतो. सुई घालून हिरडीखालची खोली मोजलीस का?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. मोजली नव्हती. फोटो इतके ठामपणे बोलत होते की हिरडीला विचारायचं राहून गेलं होतं.

ऐकलंत ना? मलाही सगळं दिसत नाही. आतापर्यंत मी स्वतःची बरीच फुशारकी मारली, म्हणून हेही सांगायलाच हवं. त्या दिवशी माझ्या एकट्याच्या सांगण्यावर सगळे घरी गेले असते, तर काकांचा स्क्रू एक-दोन वर्षांत खरंच गेला असता.

डॉक्टरांनी खुणा केलेली बोथट सुई घेतली आणि हिरडी आणि कॅप यांच्यामधून अगदी हलक्या हातानं सरकवली. उजवीकडे तीन मिलिमीटर. टाळूकडे तीन. डावीकडे चार. एवढं चालतं. ओठाकडे, बरोबर मधोमध, सहा. आणि तिथे सुईला काहीतरी खरखरीत लागलं.

मग त्यांनी कापांचा फोटो पुन्हा उघडला. यावेळी घाबरून नाही, तर नेमकी ओठाकडची बाजू बघायची म्हणून. स्क्रूलगतचे काळे पट्टे धातूच्या चमकेचे होते, हाड गेल्याचे नव्हते. सेंटरच्या अहवालात शेवटच्या ओळीत तसं लिहिलंही होतं: धातूमुळे पट्टे आले आहेत, प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे. ती ओळ कुणी वाचली नव्हती. पट्ट्यांच्या पलीकडे ओठाकडची हाडाची भिंत उभी होती. खालच्या काठाला कुरतडल्यासारखी, पण उभी. हे मात्र त्या मोठ्या यंत्रामुळेच कळलं. मला ते जन्मात दिसलं नसतं.

हिरडी बधिर करून, थोडी बाजूला करून डॉक्टरांनी आत पाहिलं. मोहरीच्या दाण्याएवढा पिवळट खडा निघाला. सिमेंटचा. कॅप चिकटवायला वापरतात ते.

"हे कुठून आलं?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांना सहज म्हणता आलं असतं की होतं असं कधीकधी. ते म्हणाले, "गेल्या वर्षी कॅप ढिली झाली होती, आठवतं? ती मीच पुन्हा चिकटवली. त्या वेळी जास्तीचं सिमेंट हिरडीखाली गेलं आणि माझ्याकडून काढायचं राहिलं. चूक माझी आहे."

काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. आता नीट झालंय ना? की अजून कुठं काही राहिलंय?"

"ते एका महिन्यानं मोजून सांगतो. मग तीन महिन्यांनी. आज सांगितलं तर तो अंदाज होईल."

मला वाटतं, त्या दिवशी छोटे डॉक्टर मोठे झाले.

दोन आठवडे काकांनी वाद्याला तोंड लावलं नाही. घरी फारच शांतता झाली, असं काकू म्हणाल्या, आणि ती तक्रार होती. महिन्यानं ओठाकडची खोली चार भरली आणि रक्त थांबलं. सहाव्या आठवड्यात कार्यक्रम झाला. त्याला मी नव्हतो, मी डब्यात होतो. पण सिस्टर गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हत्यारं पुसताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. सुरात नव्हतं, पण ओळखू येत होतं. हेच काका खुर्चीत पाय हलवत गुणगुणायचे.

आता आमचा डबा वरच्या कपाटात आहे, कुलपात, लहान मुलांच्या हातापासून दूर. पडद्याखाली मासिकांचा गठ्ठा आला आहे. डब्यात नवे ठोकळे येऊ लागलेत, निळे, पिवळे. त्यांना मी म्हातारा वाटतो. त्यांच्यावर अजून एकही तारीख नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही.

मित्रांनो, जाता जाता माझं एवढं ऐका. घरातल्या मोठ्यांच्या दातांत असा स्क्रू असेल तर त्यांना म्हणावं, वर्षातून एकदा दाखवून या, दुखत नसलं तरी. जुने एक्स-रे रद्दीत घालू नका. फाइलमध्ये ठेवा, आणि नव्या डॉक्टरांकडे गेलात तर बरोबर न्या. कधी कुणी फोटो बघून काळजीचं काही सांगितलं तर रडायच्या आधी, रागवायच्या आधी, अगदी नम्रपणे एक विचारा: हे कशाच्या तुलनेत? आणि कुणी फोटो बघून सगळं छान आहे म्हणालं, तरी विचारा: या फोटोत कुठली बाजू दिसत नाही? चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात. आमच्या डॉक्टरांना तरी आवडायला लागलेत.

आणि तुमच्या घरात, कपाटात, एखाद्या टेबलाच्या पायाखाली माझ्यासारखं काही पडलं असेल, ज्याचा उपयोग कुणालाच आठवत नाही, तर फेकण्याआधी घरातल्या सिस्टरला विचारा. प्रत्येक घरात एक असते.

परवा काका आले होते. वर्ष झालं त्या गुरुवाराला. सिस्टरनी मला काढलं, काका चावले, टुंग झालं. छोट्या डॉक्टरांनी दोन फोटो शेजारीशेजारी लावले. मग सुई घालून चारही बाजू मोजल्या आणि आकडे मोठ्यानं म्हणाले. सिस्टरनी ते लिहून घेतले. माझी जुनी पिशवी फाटली होती म्हणून गेल्या वर्षी नवी आली होती. तिच्यावर डॉक्टरांच्या अक्षरात एकच ओळ होती: एक आटा गेला, लक्ष ठेवा.

डॉक्टरांनी तिच्याखाली तारीख घातली. पेन जरा थांबलं. काकू दारातून वाकून बघत होत्या.

"काय लिहिताय?"

डॉक्टरांनी पिशवी त्यांच्याकडे वळवून धरली. तसंच.